कुयलीचा पाहुणचार

पनवेलला जाऊन आले असं यवतमाळात सांगितलं की लोक पुढचं ऐकायला थांबतात. पनवेलला उतरून पुढे कुठे गेलात? अलिबाग? गोवा? आमच्याकडे पनवेल हे गाव नाहीच, ती गाडी बदलायची जागा आहे. मी आणि बाबा मात्र पनवेललाच गेलो, तिथेच राहिलो आणि तिथूनच परत आलो. आणि तेही कशासाठी, तर एका वेलासाठी. ज्या वेलाच्या जवळही फिरकू नकोस असं आई लहानपणी बजावायची, त्या खाजकुइलीसाठी, म्हणजे पनवेलकडच्या कुयलीसाठी.

आधी बाबांबद्दल सांगते. बाबा एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. दोनेक वर्षांमागे त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासायला लागली, थेट तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटल्यासारखी. बाबांनी खर्रा कधीच सोडला होता, पण गल्लीत कुणाचा विश्वास बसेना. "काका, पुन्हा सुरू केला का?" असं जो तो विचारायचा. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, हा कंपवात. पार्किन्सन्स. दिवसातून तीनदा गोळ्या सुरू झाल्या. गंमत अशी की हात मांडीवर रिकामा पडला की थरथरतो आणि कप उचलायला गेला की बऱ्यापैकी शांत होतो. बाबांचं त्यावर स्पष्टीकरण तयार असतं. "इंजिन न्यूट्रलमधी खडखड करते, सुमे. गिअर टाकला का बरोबर चालते."

पण गिअर टाकायची त्यांची इच्छाच कमी होत चालली होती. खुर्चीतून उठायला माझा हात लागायचा. चेहऱ्यावरचं हसू आटलं होतं. कुठे जायचं नाव काढलं की "नाई माय, तूच जा."

आणि अशात हिराजीकाकांचा फोन आला.

हिराजी म्हात्रे म्हणजे बाबांचे कंडक्टर. पनवेलच्या मुलखातला हा आगरी माणूस नोकरीच्या सुरुवातीला यवतमाळ डेपोत आला होता आणि बरीच वर्षं बाबांच्याच गाडीवर होता. "हाय" आणि "नाय" म्हणणारा कंडक्टर आणि "हाव" आणि "नाई" म्हणणारा ड्रायव्हर. प्रवाशांची करमणूक फुकट व्हायची. पुढे काका बदली घेऊन आपल्या गावी गेले. तरी बाबा त्यांना अजून 'मास्तर' म्हणतात आणि काका बाबांना 'ड्रायवर'.

फोन स्पीकरवर होता. काका ओरडूनच बोलतात.

"ड्रायवर, तुजा हात हालतंय म्हनं?"

"हालते नं. म्या काय खोटं सांगू?"

"मंग तू ये हिकरं. आमच्या डोंगरान कुयली हाय. तिच्या बियांचा पूड दुधान घेतला का हात असा ठरतंय, जसा खिला ठोकलाय!"

फोन ठेवल्यावर बाबा म्हणाले, "मले जा लागते पनवेलले."

वर्षभरात त्यांनी पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. मी हो म्हटलं, पण अट घातली. पाहुणे म्हणून जायचं. खायचं, प्यायचं, हिंडायचं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय पूड-बीड काही घ्यायची नाही. बाबांनी लगेच मान डोलावली. इतकी लगेच, की तिथेच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

नेऱ्याच्या पुढे

काकांचं गाव नेऱ्याच्या पुढे आहे. पनवेलच्या स्टँडवर त्यांचा मुलगा नितेश गाडी घेऊन आला होता. शहर संपता संपत नाही. उंच इमारती, मग अर्धवट इमारती, मग नुसते इमारतींच्या जाहिरातींचे फलक, आणि मग अचानक भाताची कापलेली शेतं आणि समोर प्रबळगड. त्याच्या शेजारी कलावंतिणीचा सुळका असा उभा, जणू कुणी पेन्सिलीला टोक काढून ठेवलंय. आमच्या सपाट मुलखातल्या माणसाला एवढा मोठा डोंगर अंगावर आल्यासारखा वाटतो. बाबा काचेला नाक लावून बघत राहिले आणि म्हणाले, "हा घाट कोन चढवत असंन?"

अंगणात काका उभेच होते. दोघांनी मिठी वगैरे मारली नाही. काकांनी बाबांचा उजवा हात धरला, तो त्यांच्या हातात थरथरत राहिला, आणि ते म्हणाले, "रेस कमी कर रं, डिझेल जलतंय." बाबा हसले. खरंखुरं, दात दिसतील असं.

वनिताकाकूंनी जेवायला वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं सुकं केलं होतं. आमच्याकडे ज्वारीची भाकर म्हणजे हातावर पेलायची वस्तू. ही तांदळाची इतकी मऊ आणि पांढरी की पहिल्यांदा मला रुमालच वाटला. तिखट मात्र आमच्यापुढे काहीच नाही. बाबांनी हिरवी मिरची मागितली आणि ती कच्ची कचाकच खाल्ली, तेव्हा घरातली सगळी मंडळी जेवायची थांबून बघत होती.

दुपारी काकूंनी मोड आलेल्या वालांचं पातेलं आणलं आणि बाबांच्या पुढ्यात ठेवलं. "सोला बगू. उद्या परत बिरडा कराचा हाय."

वाल सोलणं म्हणजे बोटांची परीक्षा. दाणा गुळगुळीत, साल ओली. मी पातेलं उचलायला पुढे झाले तर काकू म्हणाल्या, "तूबी घे ना दुसरा." म्हणजे मलाही काम मिळालं, पण बाबांचं सुटलं नाही. बाबा सोलायला लागले. दोन दाणे पातेल्यात, एक थेट टीव्हीवर, एक काकांच्या टकलावर. काकांनी तो उचलून पातेल्यात टाकला आणि पेपर वाचत राहिले. घरी असते तर मी पहिल्या दाण्यालाच पातेलं ओढून घेतलं असतं. इथे सूर्य कलेपर्यंत सोलणं चाललं आणि कुणालाच घाई नव्हती.

रात्री झोपण्याआधी काकूंनी बाबांना पितळी पेला भरून दूध दिलं. तुपाचा छान वास येत होता. मला वाटलं, काय हा पाहुणचार!

डोंगराच्या पायथ्याशी

दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, चला, कुयली दाखवतो. बघायला काय हरकत आहे, म्हणून मीही निघाले. जानेवारीचं कोवळं ऊन होतं. ओढ्याच्या कडेने थोडं चाललो आणि काका थांबले. करवंदीच्या जाळीवर एक वेल पसरला होता आणि त्याला शेंगांचे घोस लटकत होते. सोनेरी, तपकिरी, मखमली. इंग्रजी एस अक्षरासारख्या वळलेल्या. खरं सांगते, इतकी देखणी शेंग मी दुसरी पाहिली नाही. हात आपोआप पुढे जातो.

"हात माघारी!" काका किंचाळले. "ती मखमल नाय, कूस हाय. एक केस लागला तरी नाचशील."

मग त्यांनी कुयलीची थोरवी सांगितली. त्यांची आजी लहान मुलांच्या पोटात जंत झाले की शेंगेवरची थोडीशी कूस गुळाच्या गोळीत लपवून गिळायला द्यायची. म्हणे जंतांनाच खाज सुटते आणि ते घर सोडून पळतात. बी दुधात शिजवून, साल काढून, वाळवून दळली की ताकद येते, वात जातो. शाळेत मास्तरांच्या खुर्चीवर कूस टाकायचा मान दर वर्षी एकाला मिळायचा. "एकदा मना मिलाला," काका अभिमानाने म्हणाले.

"आन मार कोनाले मिळाला?" बाबांनी विचारलं.

"तोबी मनाच."

काकांनी तयारी चोख केली होती. हातांना प्लास्टिकच्या पिशव्या, लांब चिमटा, गोणपाट, आणि वारा कुठून येतो ते बघून उलट्या बाजूला उभं राहणं. बाबा आणि मी मागे. पाच-सहा घोस गोणीत गेले. सगळं नीट चाललं होतं. मी मोबाइल काढला. यवतमाळला दाखवायला एक फोटो हवा म्हणून दोन पावलं पुढे झाले आणि नेमका वाऱ्याने बेत बदलला.

पहिल्यांदा मानेवर मुंगी चालल्यासारखं वाटलं. मग शंभर मुंग्या. मग जणू कुणी पेटत्या काड्या टोचतंय. मी ओरडले, काका ओरडले, बाबा ओरडले. गोणी तिथेच टाकून आम्ही तिघं अंग खाजवत गावाकडे पळत सुटलो. पळता पळता बाबा थांबले, दोन्ही हातांनी मान खाजवत माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "सुमे, पाह्य! हात थरथरते का? दोनी हात कामावर हायेत!" आणि खाजवत खाजवत हसायला लागले.

अंगणात पोचलो तर उपचारांवरून भांडण. काकू शेणाची पाटी घेऊन आल्या. शेण लावायचं, वाळू द्यायचं आणि मग खरवडून काढायचं, की कूस त्याच्याबरोबर निघून येते. हा पिढ्यान्‌पिढ्यांचा उपाय. नितेश बंदराजवळच्या द्रोणागिरीला एका गोदामात कामाला आहे. तो घरातून तपकिरी पॅकिंग टेपची गुंडाळी घेऊन आला. "आई, शेण नको. टेप लावायची आन खेचायची. आमी खोक्यांना लावतो तीच." काकू म्हणाल्या, "ती काय खोका हाय?" नितेश म्हणाला, "खोका परवडला, तो नाचत नाय."

शेवटी वाटणी झाली. बाबा आणि काका शेणाच्या पक्षात गेले आणि मी टेपच्या. माझं स्टेशनरीचं दुकान आहे. आयुष्यभर टेप विकली, अंगाला कधी लावली नव्हती. काकूंनी आतल्या खोलीत माझ्या मानेवरून पट्ट्या फर्रकन ओढल्या तेव्हा अर्धी कूस आणि बरेचसे केस निघाले. खाज मात्र खरंच उतरली. बाहेर आले तर ओट्यावर दोन म्हातारे मानेपासून कोपरापर्यंत शेण थापून उन्हात वाळत बसले होते आणि डेपोच्या गप्पा मारत होते. दोघांनाही आराम पडला. तेव्हा कोणता उपाय श्रेष्ठ हा प्रश्न त्या घरात अजून सुटलेला नाही.

त्या संध्याकाळी काका हळूच म्हणाले, "पोरी, थोरासा पूड देऊ का ड्रायवरला?"

"नको काका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको."

"आमी काय इख देताव?"

मला वाईट वाटलं. मी म्हटलं, बरणीत भरून द्या, यवतमाळला नेते, डॉक्टरांनी हो म्हटलं तर रोज देईन. काकांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी छताकडे पाहिलं.

जुनं पनवेल

टाकून आलेली गोणी काका दुसऱ्या दिवशी घेऊन आले, पण निम्म्या शेंगा कोवळ्या निघाल्या. बरणी भरण्यापुरतं बी नव्हतं. म्हणून आम्ही तिघं पनवेलच्या जुन्या बाजारात गेलो. मला हे पनवेल आवडलं. अरुंद रस्ते, सुक्या मासळीचा वास, त्याला लागून अगरबत्तीचा वास, आणि मध्ये कधी न हलणारी रिक्षांची रांग.

जडीबुटीच्या दुकानात गर्दी होती. फडताळांतून मुळ्या, साली, फळं. मी पुढे होऊन म्हटलं, "कवचबीज आहे का?" बाजारात कुयलीच्या बियांना हेच नाव आहे, असं काकांनी पढवून ठेवलं होतं.

दुकानदाराने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "काळं की पांढरं?"

"जे चांगलं असेल ते."

"कच्चं की शुद्ध केलेलं?" मग आवाज खाली आणून, अगदी आपुलकीने, "साहेबांसाठी ना?"

"नाही हो. वडिलांसाठी."

तराजू हवेत थांबला. शेजारी शतावरी घेणाऱ्या बाई माझ्याकडे वळल्या. दुकानदाराने स्टुलावर बसलेल्या बाबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काय वय बाबांचं?"

"बहात्तर," बाबाच म्हणाले. "तब्येत चांगली हाये."

"वा!" दुकानदार म्हणाला. "वा, वा!"

हिराजीकाका तोंडात रुमाल कोंबून रस्त्यावर निघून गेले. मला काही कळेना. घरी गेल्यावर काकूंनी पदराआड हसत हसत सांगितलं की कवचबीज घेणारी बहुतेक गिऱ्हाइकं नवी लग्नं झालेली असतात, नाहीतर नवं लग्न करायच्या बेतात असतात. बाबांना हे कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. उलट दिवसभर मिशीला हात लावत होते.

नितेश कामोठ्याला जिममध्ये जातो. संध्याकाळी आमच्या खरेदीची चर्चा ऐकून त्याने आपल्या खोलीतून एक काळा डबा आणला. त्यावर गोरिलासारखी छाती असलेल्या माणसाचं चित्र आणि सगळा मजकूर इंग्रजीत. "हे बगा, मुकुना. आमच्या जिममधे सगळे घेतात, बॉडीसाठी. हीच ती."

काकांनी डबा हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिला. चमच्यावर थोडी पूड घेऊन जिभेला लावली. आणि मग जो चेहरा केला त्यात आनंद जास्त होता की अपमान, सांगता येत नाही. "आमच्या बांधावरची कुयली," ते म्हणाले, "इंग्लिश शिकून आली!"

या सगळ्यात मी एक गोष्ट बघत होते आणि मनात खूश होत होते. बाबा सुधारत होते. आधाराशिवाय खुर्चीतून उठत होते. पावलं मोठी पडत होती. मी बहिणीला फोन करून सांगितलं, हवा मानवली. न्हावा शेव्याच्या बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरच्या धुराला हवा म्हणणारी मी पहिलीच असेन.

पोपटी

हिवाळ्यात या बाजूला गेलात आणि पोपटी न खाता परत आलात तर तुम्ही गेलाच नाहीत असं समजा. मोठं मडकं घ्यायचं. त्यात भांबुर्डा नावाच्या रानटी झुडपाचा पाला अंथरायचा. त्याचा वास ओव्याच्या जवळ जातो. वर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला चोळलेली कोंबडी, जाडं मीठ, ओवा. पाण्याचा थेंब नाही. वरून पुन्हा पाला ठासायचा, मडकं शेतात उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा-लाकडं रचून पेटवायचं. आमच्याकडे हुरड्याला जातात, तसं हे. फक्त हुरडा गरीब वाटावा इतका थाट.

सूर्य मावळायला जाळ पेटला. नितेशने गाडीचं दार उघडं टाकून गाणी लावली होती. बाबांनी आल्याबरोबर लाकडं रचायला घेतली. वाकत होते, उठत होते, जाळ सारखा करत होते. मी बघतच राहिले. मग मडकं फुटायचं नाही अशा बेताने फिरवून काढलं, पाला बाजूला केला, आणि वाफेबरोबर जो वास आला त्याचं वर्णन मी करणार नाही, कारण जमणार नाही. बाबांनी कोंबडी, दोन अंडी आणि ओंजळभर शेंगा खाल्ल्या आणि गाण्याच्या तालावर खांदे उडवायला लागले. मान डोलत होती, कंबर हलत होती. काकू टाळ्या वाजवत होत्या. मी मोबाइलवर चित्रण करत होते. बाबांना नाचताना मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

गाणं संपलं. नितेश पुढचं लावायला गाडीकडे गेला. शेतात फक्त जाळाचा तडतड आवाज.

बाबांचे खांदे थांबले नाहीत.

मान तशीच वळत होती, एका बाजूला, पुन्हा एका बाजूला. आता ते हसत नव्हते. "सुमे," ते म्हणाले, "मी नाई करून राह्यलो हे. आपोआप होऊन राह्यलं."

मी त्यांना धरलं. ते उठायला गेले आणि चेहरा एकदम पांढरा पडला, पाय लटपटले आणि खालीच बसले. खाल्लेलं सगळं उलटून पडलं. नितेशने गाडी काढली. काका पुढच्या सीटवर होते आणि पनवेलपर्यंत त्यांचे ओठ नुसते हलत होते.

दवाखाना

दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती. तिने रक्तदाब घेतला, तो खूप खाली होता. सलाईन लावली. माझ्याकडून गोळ्यांची डबी घेऊन पाहिली आणि विचारलं, "याशिवाय काही घेतलं का?"

"काही नाही," मी ठामपणे म्हटलं.

बाबांनी काकांकडे पाहिलं. काकांनी बाबांकडे पाहिलं.

"ड्रायवर, सांग तू," काका म्हणाले.

"मास्तर, तूच सांग."

मग सगळं बाहेर पडलं. काकांनी आम्ही येण्याआधीच पूड तयार करून ठेवली होती. पहिल्या रात्रीच्या त्या पितळी पेल्यापासून बाबा ती घेत होते. सकाळी दोन चमचे, रात्री दोन चमचे. गुण येतोय असं दिसल्यावर दुपारीही. काकूंना वाटत होतं, मला माहीत आहे.

डॉक्टर रागावली नाही. खुर्ची ओढून बाबांच्या जवळ बसली. "बाबा, कुयलीत औषध आहे, हे खोटं नाही. तुमच्या गोळीत जे मुख्य द्रव्य आहे ना, तेच त्या बीमध्ये असतं. गोळीत ते मोजून घातलेलं असतं. बीमध्ये किती आहे ते आपल्याला माहीत नसतं, या झाडाचं वेगळं, त्या झाडाचं वेगळं. तुम्ही गोळी चालू ठेवली आणि वर हेही घेतलं. मग हात थांबला, पण बाकीचं शरीर सुटलं."

बाबांनी जरा विचार केला. "म्हंजे एकाच फेरीले दोन गाड्या सोडल्या."

"अगदी!" डॉक्टर हसली. "आणि दोन्ही फुल स्पीडमध्ये."

मग तिने आणखी एक प्रश्न विचारला, जो मला इतक्या दिवसांत सुचला नव्हता. गोळी कधी घेता? मी म्हटलं, जेवणाबरोबर, न चुकता. जेवणात काय? वरण, उसळ, अंडी, आता इथे मासे. तिने मान हलवली. डाळ, मांस, अंडी या जेवणाबरोबर ही गोळी पोटातून नीट वर चढत नाही. गोळी आधी घ्या, निदान अर्धा तास थांबा, मग जेवा. कुयली पूर्ण बंद. आणि परत गेल्यावर तुमच्या डॉक्टरांना हे सगळं सांगा, लपवू नका. "लपवू नका" म्हणताना तिने दोघांकडेही पाहिलं.

सलाईन संपेपर्यंत बाबांचे खांदे निवले. मी चहा आणायला बाहेर आले तर काका बाकावर एकटेच बसले होते. चहा घेईनात.

"मी मारला असता त्याला," ते म्हणाले. "तू नको म्हनत व्हतीस. मना वाटला, शिकलेली मानसा अशीच बोलतात."

मला रागवायचं होतं. शब्दही जुळवले होते. पण त्यांच्याकडे बघून ते बाजूला ठेवले. मी त्यांना आत घेऊन गेले. ते पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले, मान खाली.

बाबा म्हणाले, "मास्तर, इतकी वर्षं तुया शिटीवर मी गाडी मागं घेतली. मले मागचं काई दिसे नाई. तू शिटी वाजवे, मी घेवो. एक डाव खांबाले घासली, म्हून का मी दुसरा कंडक्टर पाहू?"

काकांनी चहा घेतला.

यवतमाळ

आणखी काही दिवस राहून आम्ही परत आलो. काकूंनी सुकट, पोह्याचे पापड आणि सोललेले वाल दिले. कुयलीची बरणी काकांनी स्वतः काढून घेतली. बाजारातून आणलेलं बीही परत करून आले. दुकानदाराने म्हणे कारण विचारलं, तेव्हा काकांनी सांगितलं, "नवरदेवानं लग्न मोडला."

आमच्या डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. त्यांनी गोळ्या त्याच ठेवल्या, वेळा बदलल्या. ज्यांच्या घरी असा आजार आहे त्यांनी माझं लिहिणं वाचून पूड शोधायला जाऊ नये, आणि गोळ्याही माझ्या सांगण्यावरून मागे-पुढे करू नयेत. आपल्या डॉक्टरांना विचारावं, एवढंच.

बाबा पूर्वीपेक्षा बरे आहेत. पूर्ण बरे नाहीत, ते होणारही नाहीत. हात न्यूट्रलमध्ये अजून खडखडतो. पण उठताना माझा हात लागत नाही, आणि मीही आता लगेच पुढे करत नाही. मागच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, "गोळी आणि जेवण यांच्यामधला अर्धा तास तुम्ही इतका नेमाने कसा पाळता? बाकीचे पेशंट विसरतात. गोळी घेतली की लगेच ताटावर बसतात."

बाबांनी खरं कारण सांगितलं नाही. मी सांगते.

दुपारच्या गोळीच्या वेळेला पनवेलहून फोन येतो. "ड्रायवर, गोली घेतलीस?" "घेतली." "जेवला नाय ना?" "नाई नं." आणि मग दोघं सुरू होतात. कुणाची बदली कुठे झाली होती, कोणत्या घाटात काय झालं होतं, नितेशचं लग्न कुठे जमवायचं. अर्धा तास होतो, पाऊण तास होतो. मी ताट वाढून ठेवते आणि हाका मारते. बाबा फोन कानाला लावून, दुसऱ्या हाताने मला 'थांब' अशी खूण करतात.

वरण गार होतं. मी ते परत गरम करायला ठेवते.